एका संत्र्यातून रंग, छायाभेद आणि पोत कसे शिकवावे

चित्रकलेच्या तासिकेला टेबलावर संत्रे ठेवले की बहुतेक मुले त्याच्याकडे नीट न पाहताच नारिंगी रंगाची बाटली उघडतात. संत्रे नारिंगी असते हे त्यांना आधीच ठाऊक असते आणि जे ठाऊक आहे तेच कागदावर उतरते. म्हणून या पाठात पहिल्या दिवशी रंगपेटी उघडूच नये. आधी छायाभेद, म्हणजे वस्तूवरचे उजळ-गडद फरक, मग रंग आणि त्यानंतर पोत असा क्रम ठेवल्यास पाचवी ते आठवीच्या वर्गात हा पाठ तीन-चार तासिकांत घेता येतो. नागपुरात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीच्या हंगामाची, फळे आली की पाच-सहा मुलांमागे एक संत्रे देणे कोणत्याही शाळेला परवडते.

पहिली तयारी उजेडाची आहे. वर्गातील ट्यूबलाइट बंद करावेत आणि फक्त एका बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण उजेड चहूकडून आला तर फळाची गोलाई सपाट दिसते आणि छायाभेद शोधायला काही उरतच नाही. संत्रे पांढऱ्या कागदावर ठेवावे.

मुलांनी आता ४बी किंवा ६बी पेन्सिलने पाच चौकटींची पट्टी करावी. पहिली चौकट कोरी ठेवून शेवटची शक्य तितकी गडद करावी, मग मधली भरावी आणि उरलेल्या दोन सर्वांत शेवटी. ओळीने भरत गेल्यास तिसऱ्या चौकटीतच पट्टी काळी होऊन बसते. पट्टी झाली की डोळे किलकिले करून संत्र्याकडे पाहायला सांगावे. तसे पाहिले म्हणजे बारकावे मागे सरतात आणि उजळ-गडद भाग तेवढे उरतात. फळाचा प्रत्येक भाग पट्टीतील कोणत्या चौकटीशी जुळतो ते ठरवून मगच छायांकन सुरू करावे.

येथे थोडे थांबावे, कारण जवळजवळ प्रत्येक मूल फळाची सावलीकडची कड सर्वांत काळी करते. प्रत्यक्षात खालच्या कागदावरून परतलेला उजेड त्या कडेवर पडतो, त्यामुळे ती थोडी उजळ असते आणि गडद पट्टा तिच्या जरा आत असतो. हे सांगून पटत नाही, दाखवावे लागते. संत्र्याखालचा पांढरा कागद काढून काळा कार्डपेपर सरकवला की कडेवरचा उजेड मुलांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. पुन्हा पांढरा कागद ठेवला की तो परत येतो. माझ्या अनुभवात सबंध पाठातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे.

दुसऱ्या तासिकेला लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच पोस्टर रंग द्यावेत. तयार नारिंगी आणि काळा हे दोन्ही बाजूला ठेवावेत. आधी पिवळा घेऊन त्यात लाल थेंबाथेंबाने मिसळावा, कारण थोडासा लालही पिवळ्याला झाकून टाकतो. सहावीतील एका मुलीने सावलीसाठी पिवळसर नारिंगीत काळा मिसळला होता आणि तिचे संत्रे हिरवट, बुरसल्यासारखे दिसू लागले. पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरवटपणाकडे झुकतो, हे तिला आधी सांगायला हवे होते. रंगचक्रात नारिंगीच्या समोर निळा येतो, म्हणून सावलीसाठी नारिंगीत किंचित निळा घालावा. त्याने रंग दबतो, तरी त्याची ऊब पूर्णपणे जात नाही. उजळ भागासाठी आधी पिवळा वाढवावा. पांढरा केवळ चकाकीच्या ठिपक्यापुरता वापरावा, एरवी रंग खडूसारखा फिका पडतो. पोस्टर रंग वाळल्यावर थोडा बदलतो, म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका वेगळ्या कागदावर लावून वाळू द्यावा. मार्चनंतर नागपूरच्या उन्हात रंग पॅलेटवरच सुकतो, तेव्हा शक्य असल्यास सकाळची तासिका घ्यावी आणि पॅलेटवर अधूनमधून पाणी शिंपडावे.

पोताची ओळख हाताने व्हावी. डोळे मिटून संत्र्याची साल, सागाचे पान, कवेलूचा (कौलाचा) तुकडा आणि चटई यांवरून बोटे फिरवायला लावावीत आणि प्रत्येकासाठी एक शब्द सुचवायला सांगावे : खरखरीत, दाणेदार, रवाळ, विणलेला. मग सागाच्या पानाची शिरांची बाजू वर ठेवून त्यावर पातळ कागद धरावा आणि मेणखडू आडवा करून हलक्या हाताने घासावा. शिरांची जाळी उमटते. मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद घासून आपल्या चित्रांसाठी हीच रीत वापरली होती, हे मुलांना अवश्य सांगावे. आपण करतो ते पोरखेळ नव्हे हे त्यांना जाणवते.

सालीवरचे बारीक खळगे रंगवताना मुले सगळीकडे सारखे ठिपके देतात आणि फळाला गोवर आल्यासारखे दिसते. खळगे उजेड आणि सावली यांच्या सीमेवर सर्वांत ठळक दिसतात, कारण तेथे उजेड तिरपा पडतो. भर उजेडात आणि दाट सावलीत ते विरून जातात. म्हणून त्या सीमेवरच दाट ठिपके द्यावेत आणि दोन्ही बाजूंना ते विरळ करत न्यावेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांतील वस्तुचित्र आणि स्थिरचित्रासाठीही ही एक सवय फार उपयोगी पडते.

शक्य झाल्यास एक फेरी १८६३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची, म्हणजे आपल्या अजब बंगल्याची करावी. तेथील दगडी शिल्पांपुढे मुलांना फक्त पेन्सिल द्यावी. शेवटी वर्गातील सगळी चित्रे भिंतीवर लावून मुलांना मागच्या बाकावरून डोळे किलकिले करून पाहू द्यावे आणि कोणते संत्रे हातात घ्यावेसे वाटते ते विचारावे. त्यांनी निवडलेल्या चित्राशेजारी त्याच मुलाची पहिल्या दिवशीची पाच चौकटींची पट्टी लावावी.