रुईच्या एका झाडापाशी बसून कोण कोणाच्या जिवावर जगतं ते कसं बघायचं

आमच्या घरी शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार असतो आणि पानं आणायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. एकदा हार ओवताना आईने एक पान उलटं केलं तर मागे काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी. आई म्हणाली, हे पान नको, जिथून आणलंस तिथंच ठेवून ये. ठेवायला गेले आणि तासभर तिथंच उकिडवी बसून राहिले, कारण अळी एकटी नव्हती, त्या एका झाडावर अख्खं गाव नांदत होतं.

तेव्हापासून कुणी विचारलं की अन्नसाखळी, सहजीवन हे सगळं पुस्तकाबाहेर बघायचं तर कुठं जाऊ, तर मी अभयारण्य वगैरे सांगत नाही, रुई बघा म्हणते. रस्त्याच्या कडेला, माळावर, पडीक प्लॉटवर, गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून ती सगळीकडे टिकून असते. जांभळट फुलांची चालेल, पांढरी मांदार चालेल, पण झाड एकच धरा आणि महिनाभर आठवड्यातून दोनदा त्याच झाडाकडे जा, एका फेरीत काही कळत नाही. पावसाळा संपता संपता सुरू केलंत तर उत्तम, वेळ सकाळची.

आधी चिकाचं सांगते, हे खरंच मनावर घ्या. पान किंवा देठ मोडला की जो पांढरा चीक येतो त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन नजर धूसर होते. त्यामुळे पान तोडायचं नाही, फक्त अलगद उलटं करून बघायचं, पाण्याची बाटली जवळ ठेवायची, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही आणि मुलं सोबत असतील तर त्यांच्याकडे डबल लक्ष. बाकी सामान म्हणजे वही, पेन, मोबाईल आणि एक साधं भिंग.

वहीत काय लिहायचं? जो जीव दिसेल त्याचं नाव येत नसेल तर नुसतं वर्णन लिहा, नाव नंतर सापडतं, पण दोन प्रश्न तिथंच विचारा: ह्याला काय मिळतंय आणि समोरच्याचं काय होतंय. फायदा असेल तर अधिक, नुकसान असेल तर उणे, काहीच फरक नसेल तर शून्य, आणि दोघांच्या मधे बाण. बास, एवढीच पद्धत.

सुरुवात फुलांपासून करा कारण तिथं काळाभोर मोठा भुंगा येतो, तोच जो सुक्या लाकडात गोल भोक पाडून राहतो. रुईचे पराग पावडरीसारखे सुटे नसतात, दोन बारीक पिवळट पिशव्या एका इवल्याशा चिमट्याने जोडलेल्या असतात आणि फुलाच्या मधल्या मुकुटाच्या फटीत बसवलेल्या असतात. भुंगा मधासाठी फुलाला पकडतो तेव्हा पाय त्या फटीत सरकतो आणि जोर लावून काढताना पिशव्या पायाला चिकटून येतात. मोबाईलवर त्याच्या पायांचा व्हिडिओ काढून झूम करा, नशीब असेल तर पिशव्या लटकलेल्या दिसतील. दोघांनाही अधिक. आता आजूबाजूला वठलेली फांदी, जुना बांबू कुठं आहे ते बघा, कारण भुंग्याचं घर तिथं असतं, म्हणजे रुईला फळ धरायला लांबच्या एखाद्या मेलेल्या लाकडाचीही मदत होते. हा बाण वहीत नक्की काढा, लोक नेमका हाच विसरतात.

मग पानांखाली. कोवळ्या पानांच्या मागे खसखशीच्या दाण्यापेक्षा जरा मोठं, दुधी रंगाचं, उभ्या रेघांचं एकटंच अंडं शोधा, ते प्लेन टायगर फुलपाखराचं. अळी बाहेर आली की आधी अंड्याचं टरफल खाते, मग पान. तिच्या पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असतात. एखादं पान मधेच लोंबलेलं दिसलं तर मुख्य शीर तपासा, मोठी अळी ती आधी कुरतडून चीक वाहू देते आणि मग पुढचं पान खाते. चिकातलं थोडं विष तिच्या अंगात साठतं आणि फुलपाखरू झाल्यावरही उरतं, म्हणून ते नारिंगी फुलपाखरू आरामात, संथ उडतं आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा सहसा वाटेला जात नाही. सगळी सारखीच कडू नसतात, कुठल्या झाडावर वाढली त्यावर आहे.

आता इथली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. प्लेन टायगरसारखंच दिसणारं अजून एक फुलपाखरू फिरतं, डॅनाइड एगफ्लायची मादी. ती स्वतः विषारी नाही, नुसती नक्कल करते आणि पक्षी फसतात. ओळखायचं असेल तर मागच्या पंखाच्या मधोमध बघा, प्लेन टायगरला तिथं तीन-चार काळे ठिपके असतात, हिला नसतात. हिचा नर तर काळा आणि त्यावर मोठे पांढरे ठिपके, ही जोडी आहे असं वाटणारही नाही. आणि ही अंडी घालते घोळीसारख्या झाडांवर, हो, आपण भाजी करतो तीच घोळ! ॲमेझॉनमधली फुलपाखरं बघून हेन्री बेट्स नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८६२ मधे अशी नक्कल समजावून सांगितली होती, ती आपल्या बांधावर दिसते. वहीत: नकली मादीला अधिक, फसलेल्या पक्ष्याला उणे, आणि खऱ्यालाही थोडं उणे, कारण नकली जास्त झाल्या तर पक्षी धडाच चुकीचा शिकतील.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, असतोच. ह्यांच्यात माद्याच, त्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात म्हणून चार दिवसांत शेंडा भरून जातो. भिंगातून बघा, मुंगी मिशांनी माव्याला थोपटते आणि मागून गोड थेंब येतो, तो ती पिते. त्याच शेंड्यावर लेडीबर्ड, म्हणजे शेतकरी ढालकिडा म्हणतात तो, आणि त्याची काळपट खडबडीत अळी मावा फस्त करताना दिसेल. आणि एखादा मावा फुगून, तपकिरी होऊन, कडक झालेला असेल तर त्याच्या आत चिलटाएवढ्या एका परजीवी गांधीलमाशीची अळी वाढतेय किंवा वाढून गेलीये, गेली असेल तर मागे गोल भोक असतं.

प्लेन टायगरचा कोश सापडला तर रोज बघा. मी एक हिरवा कोश आठवडाभर बघत होते, एक दिवस त्यावर डाग पडला, मग भोक, आणि फुलपाखराच्या जागी त्यातून माशीची अळी निघाली. मला रडूच आलं होतं. पण वही उघडली तेव्हा लक्षात आलं की माशीला अधिक, फुलपाखराला उणे, आणि ज्या रुईला त्या माशीने स्पर्शही केला नाही तिला अधिक, कारण तिची पानं खाणाऱ्या अळ्यांची अंडी घालणारं एक कमी झालं. असे दोन उड्यांचे बाण वेगळ्या रंगाच्या पेनने काढा, भुंग्याच्या बांबूचा पण तसाच.

निळा-पिवळा नाकतोडा, फुलांवर येणारा शिंजीर पक्षी, पाकळ्यांत दबा धरलेला खेकडा कोळी, हे दिसतील तसे टिपत जा. उन्हाळ्यात फळं तडकली की आत लाल-काळे ढेकूणवर्गीय किडे बियांचा रस शोषताना दिसतात आणि त्यांच्यातून वाचलेल्या बिया म्हातारी होऊन उडून जातात.

आणि कुणी साफसफाईत तुमचं झाड तोडलं तर वही बंद करू नका. माझं तोडलं होतं. रुई मुळातून पुन्हा फुटते, काही आठवड्यांत कोवळी पानं आली आणि तिसऱ्याच पानामागे एक दुधी अंडं होतं.