धुऱ्यावरच्या बोरीकडे आता बघा

कपाशीचा वेचा आणि गव्हाची पेरणी या धांदलीत बोरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. नागपूरकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हे झाड लावलं जातं कमी, उगवतं जास्त. संक्रांतीला सुगडात टाकायला बोरं हवीत म्हणून झाडाखाली जावं, तर निम्मी किडकी निघतात. त्याचा बंदोबस्त दिवाळीनंतरच्या या दिवसांतच होतो.

ही करामत फळमाशीची. फळ लहान असतानाच मादी सालीखाली अंडी घालते. वरून बारीक टोचा दिसतो, आत अळी बीभोवतीचा गर खाते. फळ गळलं की अळी मातीत उतरून कोष करते. म्हणजे गळलेली बोरं झाडाखाली सडू दिली, तर पुढची माशी आपणच पेरली. म्हणून पंपाआधी टोपलं घ्या. दर दोन-तीन दिवसांनी खाली पडलेलं वेचा आणि दोन फूट खड्ड्यात पुरून माती दाबा. उकिरड्यावर टाकून काही साधत नाही. उन्हाळ्यात झाडाखाली वखरलं की उरलेले कोष उन्हात येतात. कीटकनाशक मारायचंच असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) विचारून, फळं लहान असताना. तोडणीच्या तोंडावर नाही. बोर आपण सालीसकट खातो.

थंडी पडली की भुरी हा बुरशीचा रोग येतो. कोवळ्या फळावर पांढरी भुकटी दिसली की 10 लिटर पाण्यात 20 ते 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक (80 टक्के) फवारा. दुपारच्या उन्हात नको. उशीर केलात तर साल खरबरीत होते, बाजारात कुणी हात लावत नाही.

उमराण, मेहरूणसारखी कलमी झाडं असतील तर फळ पोसताना ओल बघून हलकं पाणी द्या, तोडणी जवळ आली की थांबवा. हिरवेपणा जाऊन पिवळी झाक आली की तोडा. सगळी एकदम पिकत नाहीत, चार-पाच तोडे होतात. काठीने झोडपलेलं बोर मात्र दोन दिवसांत काळं पडतं.

गावरान आंबट बोरांची कीव करू नका. उन्हात खडखडीत वाळवून, कुटून, बिया चाळून काढल्या आणि मीठ-गूळ घातला की बोरकूट तयार. माझ्या मते उमराणला ही चव येणारच नाही. बोरन्हाणात लहानग्यांच्या अंगावर बोरं टाकाल, पण हातात देताना बी काढून, फोडून बघून द्या.

छाटणी एप्रिलअखेर ते मे, झाड पानगळीत असताना. फळ नव्या फुटीवरच येतं. छाटलेल्या काट्या फेकू नका, रोही (नीलगाय) अडवायला धुऱ्यावर लावा. गावरान झाडाचं कलम करायचं असेल तर ते उन्हाळ्यातच गुडघाभर उंचीवर कापा, आणि जून-जुलैत नव्या फुटीवर उमराणचा डोळा (फांदीवरची कळी) भरा.