पॅटिस आणि बनवर एग वॉश कसा लावावा

एग वॉश म्हणजे भाजण्याआधी वरून चमक आणि रंगासाठी लावायचं फेटलेलं अंडं. त्याबद्दल कुणालाही विचारा, प्रमाण सांगतील. अंड्यात दूध घालायचं की पाणी, एक चमचा की दीड. गेली कित्येक वर्षं मी घरी दर आठवड्याला बन नाहीतर बेकरीतल्यासारखं पापुद्र्यांचं पॅटिस भाजते. प्रमाण चुकल्यामुळे वाया गेलेला ट्रे मला एकही आठवत नाही. ब्रश चुकीचा फिरल्यामुळे वाया गेलेले मात्र पुष्कळ आठवतात.

तरी प्रमाण आधी सांगून टाकते. एक अंडं, पोह्याच्या चमच्याने एक चमचा दूध आणि चिमूटभर मीठ. काट्याने फेटा, पण फेस आणू नका, कारण फेसाचे बुडबुडे भाजल्यावर पुटकुळ्यांसारखे दिसतात. मीठ वगळू नका. मिठामुळे अंड्याचा पांढरा भाग सैल होतो आणि पंधरा मिनिटांत मिश्रण ब्रशला झेपेल इतकं पातळ होतं. म्हणून बन फुगायला ठेवले की लगेच हे फेटून बाजूला ठेवा. लावण्याआधी चहाच्या गाळणीतून गाळा. गाळणीवर जो पांढरा दोरा उरतो, तो बनवर गेला तर भाजल्यानंतरही डागासारखा दिसत राहतो.

गडद तांबूस रंग हवा असेल तर नुसता बलक आणि चमचाभर दूध घ्या. फक्त चमक हवी आणि रंग फिका चालणार असेल तर नुसता पांढरा भाग. रोजच्या कामाला अख्खं अंडंच उत्तम.

ब्रश मऊ केसांचा हवा. सिलिकॉनचा ब्रश ट्रेला तूप लावायला चांगला, पण बनवर तो रेघोट्या ओढतो.

आता खरी अडचण. मी सुरुवातीला पॅटिस करायचे तेव्हा सगळीकडून झकास चमक यावी म्हणून वरून, बाजूंनी, अगदी कोपऱ्यांतही अंडं चोपडायचे. कितीतरी पुस्तकांत ‘सर्व बाजूंनी लावा’ असंच लिहिलेलं असतं. पॅटिस ओव्हनमधून निघायचे ते एका अंगाला कललेले. एक बाजू बोटभर फुगलेली, दुसरी दाबून बसवल्यासारखी. मी दोष लोण्याला दिला, मैद्याला दिला, पोळी लाटणाऱ्या स्वतःच्या हातालाही दिला. शेवटी एक पॅटिस सुरीने उभं कापून पाहिलं. बसलेल्या बाजूला पापुद्र्यांच्या कडांवर पिवळा, चकचकीत, कडक थर होता. पापुद्रे तिथे एकमेकांना चिकटून गेले होते.

कारण सरळ आहे. पापुद्रे सुटतात ते लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होऊन, आणि वाफेचा खरा जोर १०० अंशांच्या आसपास येतो. अंडं त्याच्या खूप आधी, ६० ते ७० अंशांच्या दरम्यान गोठायला लागतं. म्हणजे वाफ पोळ्या वर उचलायच्या आत अंड्याने त्या डिंकासारख्या जोडून टाकलेल्या असतात. कापलेल्या कडेवर एक ओघळ आला तरी ती बाजू गेली असं समजा. म्हणून पॅटिस, खारी, जे जे थरांचं असेल त्याच्या फक्त माथ्यावर अंडं लावायचं. ब्रश मधून कडेकडे न्यायचा आणि कडेच्या दोन मिलिमीटर आधी उचलायचा. वाटीच्या काठावर ब्रश नीट निथळून घेतल्याशिवाय पॅटिसच्या जवळसुद्धा नेऊ नका. ओघळ आलाच तर टिश्यू पेपरच्या टोकाने लगेच टिपून घ्या. सारणाचं पॅटिस मिटवताना आतल्या कडेला मात्र हेच अंडं मुद्दाम लावा. तिथे चिकटायलाच हवं.

बनची गत वेगळी. पूर्ण फुगलेला बन साबणाच्या फुग्याइतका नाजूक असतो. ब्रशचं टोक रोवलं की खड्डा पडतो आणि तो ओव्हनमध्ये भरून येत नाही. ब्रश आडवा धरा, जवळजवळ झोपवून, आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने सरकू द्या. मनगट सैल हवं. बाळाच्या टाळूला तेल लावताना हात जसा आपोआप हलका होतो, तसा. अंडं ओघळून बनच्या बुडाशी साचलं तर ते ट्रेला चिकटतं आणि करपतं, तेही टिपून काढा.

दाट रंगासाठी एकच जाड थर द्यायचा मोह आवरा. जाड थर सुरकुततो आणि खाताना वर अंडाभुर्जीचा वास येतो. पातळ हात द्या, दहा मिनिटं सुकू द्या, ओव्हनमध्ये ठेवायच्या क्षणी दुसरा पातळ हात द्या. पॅटिसच्या बाबतीत ही दहा मिनिटं ट्रे फ्रीजमध्ये ठेवा, लोणी घट्ट राहतं. तीळ किंवा खसखस दुसऱ्या हातानंतर लगेच भुरभुरा. चिरा पाडायच्या तर त्याही आता, म्हणजे चिरेत अंडं जात नाही.

बन १८० अंशांवर, पॅटिस २०० वर. छोट्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरची कॉइल जवळ असते, म्हणून ट्रे एक खण खाली ठेवा. रंग लवकर चढला तर वर फॉइल अलगद झाका. रंग आला म्हणजे आतून शिजलं असं नाही, हे गोड बनच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवा, कारण साखरेमुळे तो आणखी लवकर तांबूस होतो.

अंडं न खाणाऱ्यांसाठी दूध लावा आणि बाहेर काढल्याबरोबर लोणी फिरवा. रंग छान येतो. अंड्याची काचेसारखी चमक मात्र त्याला येत नाही, दुधात मध घातला तरीही. आणि अंडं लावलं असेल तर पाहुण्यांना आधी सांगा. श्रावणात कुणी विश्वासाने बन उचलतो, त्याला वरची चमक कशाची आहे हे कळायला हवं.

उरलेलं अंडं त्याच वेळी तव्यावर टाकून खाऊन टाका, साठवू नका. ब्रश आधी गार पाण्यात धुवा. गरम पाण्यात अंडं केसांमध्येच शिजतं आणि मग निघत नाही. नंतर साबण आणि कोमट पाणी, आणि झटकून केस खाली करून टांगून ठेवा.