प्रोजेक्ट सर्व्हरवरील ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ : परवानगी देण्याआधी काय तपासावे

संस्थेचे प्रकल्प सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट सर्व्हर या प्रणालीच्या सपोर्टमध्ये नव्याने रुजू झालेल्यांकडे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ची (प्रवेश नाकारल्याची) तक्रार हमखास येते आणि ती झटपट मिटवण्यासाठी त्या व्यक्तीला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात टाकून देण्याचा मोहही होतो. तो आवरावा, असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आग्रहाने सांगतो. तिकीट (नोंदवलेली तक्रार) बंद होते खरे, पण अडथळा नेमका कुठे होता हे कळत नाही आणि ज्याला केवळ स्वतःची कामे पाहायची होती त्याच्या हाती साऱ्या संस्थेचे प्रकल्प जातात.

सर्वांत आधी सर्व्हर कोणत्या परमिशन मोडवर (परवानग्या हाताळण्याच्या पद्धतीवर) चालतो ते पाहावे. 2013 च्या आवृत्तीपासून शेअरपॉइंट (ज्यावर प्रोजेक्ट सर्व्हर उभा असतो ती मायक्रोसॉफ्टची प्रणाली) मोड आणि प्रोजेक्ट सर्व्हर मोड असे दोन पर्याय आहेत आणि नवी साइट मुळात शेअरपॉइंट मोडवर उभी राहते. या मोडमध्ये ‘मॅनेज ग्रुप्स’ किंवा ‘मॅनेज कॅटेगरीज’ ही पाने सेटिंग्जमध्ये दिसतच नाहीत, त्यामुळे जुन्या माहितीपुस्तिकेवरून काम करणारा नवखा माणूस ती शोधत बसतो. ती दिसावीत म्हणून मोड मात्र कधीही बदलू नये. तसे केल्यास सुरक्षेची आधीची सर्व मांडणी पुसली जाते.

प्रोजेक्ट सर्व्हर मोडमध्ये खरी मेख ‘डिनाय’च्या चौकटीत असते. ‘अलाऊ’ आणि ‘डिनाय’ या दोन्ही चौकटी रिकाम्या असतील तर त्या गटाकडून परवानगी मिळत नाही, पण ती दुसऱ्या गटाकडून मिळू शकते. ‘डिनाय’वर एकदा खूण केली की इतर कोणत्याही गटातले ‘अलाऊ’ तिच्यापुढे चालत नाही. एका ग्राहकाकडील प्रकल्प व्यवस्थापक बाईंना स्वतःचा प्रकल्प उघडता येई, पण सेव्ह करता येत नसे. प्रोजेक्ट मॅनेजर्स गटातली त्यांची नोंद बिनचूक होती. मात्र लेखापरीक्षकांसाठी बनवलेल्या एका गटातही त्यांचे नाव होते आणि तेथे ‘माय ऑर्गनायझेशन’ या कॅटेगरीत (एकत्र परवानगी ठरवण्यासाठी केलेल्या प्रकल्प आदींच्या संचात) ‘सेव्ह प्रोजेक्ट टू प्रोजेक्ट सर्व्हर’समोर ‘डिनाय’ होते. त्या गटातून नाव काढताच काम झाले. नवी परवानगी एकही द्यावी लागली नाही. म्हणून व्यक्तीचे सर्व गट आधी कागदावर उतरवून घ्यावेत, ही सवय मला फार मोलाची वाटते.

दिलेली परवानगी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी आपोआप नाहीशी होत असेल, तर तो गट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी (संस्थेतील वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीशी) जोडलेला आहे का ते पाहावे. तसे असल्यास हाताने घातलेले नाव पुढच्या सिंकमध्ये (दोन्हीकडील नोंदी आपोआप जुळवल्या जाताना) निघून जाते आणि बदल डिरेक्टरीतच करावा लागतो. प्रकल्प उघडतो पण त्याची प्रोजेक्ट साइट (त्या प्रकल्पाची शेअरपॉइंटवरील जागा) नाकारली जाते, अशा वेळी ‘मॅनेज क्यू जॉब्स’मध्ये (सर्व्हरच्या रांगेतील कामांच्या यादीत) सिंकचे काम अडकले आहे का, हे तपासावे. प्रकल्प दुसऱ्या कोणी चेक-आउट करून (बदल करण्यासाठी स्वतःकडे घेऊन) ठेवलेला असणे, हा तर परवानगीचा प्रश्नच नव्हे, तरी अशी तिकिटेही याच नावाखाली येतात.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास त्रुटीच्या पानावरील कोरिलेशन आयडी (त्या विनंतीचा ओळख क्रमांक) आणि वेळ वापरकर्त्याकडून लगेच मागून घ्यावी आणि सर्व्हरवरच्या यूएलएस लॉगमध्ये (शेअरपॉइंटच्या घडामोडींच्या नोंद-फाइलींमध्ये) तो आयडी शोधावा. फार्ममध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या समूहात) अनेक सर्व्हर असतील तर ‘मर्ज-एसपीलॉगफाइल’ ही पॉवरशेल आज्ञा त्या आयडीच्या सर्व नोंदी एकाच फाइलमध्ये आणून देते. जुने लॉग ठराविक दिवसांनी पुसले जातात, म्हणून हे काम त्याच दिवशी उरकावे.