मोठ्या गोधडीला कच्चे टाके, तेही जेवणाच्या टेबलावर

डबलबेडची गोधडी म्हणजे साधारण ९० बाय १०० इंच. पक्क्या शिलाईआधी तिचे थर तात्पुरते एकत्र धरणारे कच्चे टाके घालायला ती एरवी फरशीवर पसरतात. पण आमच्या सिडकोतल्या घरात सोफा सरकवूनही तेवढी फरशी मोकळी होत नाही, आणि गुडघेही आता ऐकत नाहीत. नाशिकची थंडी काही थांबत नाही, म्हणून यंदा हा उपाय केला.

लागतात फक्त गोधडीच्या रुंदीपेक्षा थोडे लांब असे दोन हलके पीव्हीसी पाइप आणि कागदांना लावतात ते मोठे क्लिप.

१. अस्तर चारही बाजूंनी ३-४ इंच मोठं ठेवा. इस्त्री करून ते एका पाइपावर गुंडाळा, वरचं कापड दुसऱ्यावर. उलगडताना अस्तराची उलट बाजू वर आली पाहिजे, वरच्या कापडाची सुलट.

२. टेबलावर दीड-दोन फूट अस्तर उलगडून कडेला क्लिप लावा. त्यावर मधला थर (मी जुन्या सुती साड्या घालते), मग वरचं कापड. मधल्या थराचा उरलेला भाग पलीकडे खुर्चीवर ठेवा. लोंबकळला की सगळं ओढत नेतो.

३. हाताने सपाट करत, वीतभर अंतरावर ओळी धरून लांब कच्चे टाके घाला. दोरा वेगळ्या रंगाचा, म्हणजे नंतर उसवायला सोपा.

४. क्लिप काढा, झालेला भाग आपल्याकडे ओढून मांडीवर घ्या, पुढचा उलगडा.

क्लिप लावताना अस्तर ताणू मात्र नका. सोडल्यावर ते आकसतं आणि मागे चुण्या पडतात. माझी पहिली दोन फुटं त्यापायीच उसवावी लागली.