खोताच्या वाडीतलं घर रेखाटायचं असेल तर

खोताची वाडी म्हणजे मुंबईत गिरगावातली जुन्या घरांची वस्ती. चर्नी रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा आणि जगन्नाथ शंकरशेट मार्गावरच्या सेंट तेरेसा चर्चपर्यंत चालत या. वाडीचं तोंड समोरच आहे. सकाळी लवकर या. गल्ली अरुंद असल्यामुळे ऊन उशिरा खाली उतरतं, तोवर सगळीकडे सारखा उजेड असतो आणि लाकडाची बारीक कामं नीट दिसतात.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मुलांना इथे आणते. सामान कमी ठेवायला लावते: क्लिप लावलेला हार्डबोर्ड, थोडे जाड कागद, टूबी आणि फोरबी पेन्सिल. घडीचं स्टूल आणू नका. लोकांची जा-ये असते, स्कूटर जाते. भिंतीला पाठ लावून उभं राहिलेलं बरं.

पेन्सिल काढायच्या आधी परवानगी. व्हरांड्यात कोणी पेपर वाचत बसलं असेल तर सरळ विचारायचं, "आंटी, इथे उभं राहून तुमच्या घराचं चित्र काढलं तर चालेल का?" नाही म्हणाल्या तर पुढच्या घराकडे जायचं. इथला व्हरांडा म्हणजे घराची बैठकच असते, ती रस्त्याला लागून आहे म्हणून सगळ्यांची होत नाही. खिडकीतून आतलं काही रेखाटायचं नाही, हे मी मुलांना दर वेळी बजावते.

आता चित्र. मागे सरकायला जागा नसल्यामुळे अख्खं घर कागदावर बसवण्याचा हट्ट सोडा. जिना आणि त्याच्या बाजूचा व्हरांडा एवढंच घ्या. घराचा स्वभाव तिथेच आहे. आधी डोळ्याची पातळी ठरवा. ती व्हरांड्याच्या खांबावर नेमकी कुठे येते ते बघून फिकट आडवी रेघ मारा. त्या रेघेच्या वरच्या कडा दूर जाताना खाली झुकतात, खालच्या वर चढतात. एवढं सांभाळलं की पर्स्पेक्टिव्हची निम्मी लढाई जिंकलात.

मग खांब उभे करा आणि जिन्याकडे वळा. बऱ्याच घरांत तो बाहेरून वर जातो, म्हणजे खालच्या घरात पाऊल न टाकता वरच्या मजल्यावर पोचता येतं. पायऱ्या एकेक काढत वर गेलात की शेवटची हमखास जागा चुकते. आधी जिन्याची तिरकी रेघ घ्या, वरचं आणि खालचं टोक पक्कं करा, पायऱ्या मोजा आणि मधल्या जागेचे तेवढे भाग पाडा. कठडा सगळ्यात शेवटी.

मंगलोरी कौलं सगळी काढू नका. पागोळ्या गळतात त्या कडेच्या दोन-तीन ओळी नीट काढा, पुढे नुसती तिरकी लय ठेवा. पावसासाठी छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं असतं. त्याच्या पोटाखालची सावली हा चित्रातला सर्वांत गडद भाग. फोरबी तिथे दाबून वापरा.

शेजारचं घरही असंच असेल असं धरून पहिल्यावरून दुसरं उरकू नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक, कुटुंबांना विकल्या आणि ज्याने त्याने आपापल्या ऐपतीने, आवडीने घर बांधलं. कठड्याची नक्षी, खिडकीच्या झडपा, छपराच्या कडेची लाकडी झालर दर घराला वेगळी. मला स्वतःला झालर फार आवडते, तिच्यासाठी वेगळा कागद ठेवते.

आणि मागे टॉवर दिसत असेल तर तोही काढा. तो गाळला की चित्र गोड दिसतं, पण खोटं होतं. इथे एकेकाळी ६५ घरं होती असं सांगतात. आज त्यांतली निम्मीही उभी नाहीत. म्हणून मी रेखाटनाला नोंद मानते. कागदाच्या पाठीवर तारीख, वेळ, कुठे उभे होतात, कोणत्या बाजूला तोंड होतं, भिंतीचा आणि झडपांचा रंग, एवढं जागच्या जागी लिहा. घरी जाऊन रंग आठवत नाहीत.

निघताना चित्र घरातल्यांना दाखवा. ते कुठली खिडकी नंतर बसवली, कुठला खांब बदलला ते सांगतील. तेही पाठीवर टिपून घ्या. पुढच्या खेपेला येताना झेरॉक्स नेऊन द्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा.