ओढ्याचं पाणी तपासताय? मग या चुका टाळा

रविवारी आठ-दहा जण जमतात, बाटली भरतात, मीटर बुडवतात, आकडा ग्रुपवर टाकतात, झालं. पुण्यात रामनदीवर पाषाणच्या बाजूला आम्हीही सुरुवातीला हेच केलं, त्यामुळे हसत नाहीये कुणाला.

सगळ्यात कॉमन गडबड टीडीएसची. कोणीतरी हमखास आरओवाल्याचं (घरचा पाण्याचा फिल्टर बसवणाऱ्याचं) टीडीएस मोजायचं पेन आणतं, २८० आलं की "अरे, पाणी तर मस्तंय!" ते पेन विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं फक्त, मैल्यातले जंतू त्याला दिसत नाहीत. त्याचा खरा उपयोग म्हणजे नाला जिथे मिळतो त्याच्या वर एकदा आणि खाली एकदा मोजा, आकड्याने उडी मारली तर मधे काहीतरी मिसळतंय.

पण आम्हाला खरं फसवलं पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनने. दुपारी ३ ला रीडिंग आलं लिटरला ११ मिलिग्रॅम, आम्ही खूश. नंतर डोक्यात आलं की २५ अंशाच्या पाण्यात हवेतून साधारण ८ च्या आसपासच मावतो, मग वरचा आला कुठून? दगडांवरच्या शेवाळातून! उन्हात ते ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ, शिवाय मैला कुजवणारे जंतू, सगळे मिळून तो संपवतात. म्हणून एकदा पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन त्याच दगडापाशी गेलो, तर २ सुद्धा नव्हता. तेव्हापासून वहीत आकड्याच्या आधी वेळ लिहितो. ऑक्सिजन मोजायचं औषधांचं किट वापरत असाल तर बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका आणि किटमधली पहिली दोन औषधं तिथेच काठावर बाटलीत टाका, घरी नेईपर्यंत आकडा बदललेला असतो.

पाण्यात कोणते किडे जगतायत यावरूनही ओढ्याची तब्येत कळते. ते बघताना जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि तिच्या वरच्या बाजूला उभं राहून पायाने दगड ढवळायचे. उलटं उभं राहिलात तर किडे भलतीकडे वाहून जाणार आणि तुम्ही "ओढा मेलाय" लिहून मोकळे. नुसत्या लाल अळ्याच वळवळत असतील तर मात्र ऑक्सिजनची बोंब आहे.

पावसाच्या पहिल्या सरीनंतरचं रीडिंग नेहमीच्या रीडिंगशी लावू नका, रस्त्यावरची सगळी घाण तेव्हा एकदम उतरते. आणि पूर असेल तर सरळ घरी बसा.

पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) दर वेळी ७ च येतोय? तो मोजायच्या कागदी पट्ट्यांचा डबा उघडा राहून दमट झाला असेल, एक पट्टी लिंबाच्या रसात बुडवून बघा, रंग हलला नाही तर डबा कचऱ्यात.